अंगाला हात लावायचा नाही!

शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याने तीन माणसं मारली. वीस-बावीस दिवसांत तीन. त्यांतली दोन लेकरं. एक साडेपाच वर्षांची पोर, एक तेरा वर्षांचा पोरगा. लोक पेटले. पुणे-नाशिक रस्ता अडवला. वनखात्याची गाडी जाळली. मग सरकार हललं, नेमबाज आले, बिबट्याला गोळी घातली. माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाऊ लागली. घराघरांत लेकरांची शिकवणी सुरू झाली. उसाच्या कडेला खेळायचं नाही. एकट्यानं परसाकडला जायचं नाही. चालताना मोठ्यानं बोलायचं. दिसला तर बोंब मारायची.

बरोबरच केलं. पोटचं लेकरू उसात ओढून नेलं जातं तेव्हा माणूस कायद्याची कलमं वाचत बसत नाही.

पण मित्रांनो, बिबट्यासाठी आपण लेकरांना बोंब मारायला शिकवतो आणि माणसासाठी गप्प बसायला शिकवतो, हे कसं काय? ज्या पोरीला ‘बिबट्या दिसला की ओरड’ असं सांगितलं, त्याच पोरीला ‘चुलत्यानं काय केलं ते बाहेर बोलू नको’ असं सांगणारे आपणच. बिबट्याने मारलं की सगळा तालुका रस्त्यावर. घरातल्या, आळीतल्या, शाळेतल्या, गुऱ्हाळावरल्या माणसाने मारलं की चार शहाणी माणसं देवळाच्या पारावर नाहीतर विहाराच्या पायरीवर बसतात आणि मिटवून टाकतात.

शिरूर तालुक्यातून दक्षिणेला भीमा ओलांडली की दौंड तालुका. जानेवारी २०२५ मध्ये दौंडच्या एका शाळेची बातमी आली आणि दोन दिवसांत विरूनही गेली. सातवीतल्या एका पोराने प्रगतिपुस्तकावर पालकाची खोटी सही केली. वर्गातल्या मुलीने ते बाईंना सांगितलं. त्याचा राग धरून त्या पोराने नववीतल्या पोराला शंभर रुपये दिले. कशासाठी? तिच्यावर बलात्कार कर आणि तिला मारून टाक, यासाठी. नववीतल्या पोराने ते केलं नाही आणि प्रकार बाहेर आला. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो शाळेतल्या तिघा मोठ्या माणसांवर. मामला दाबायला बघितला, असा आरोप.

शंभर रुपये. सातवीतलं पोर. लोकांनी काय केलं? ‘मोबाईलने पोरं बिघडली’ म्हणाले आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं.

मोबाईलचा भाग आहेच. पण बलात्कार ही शिक्षा असते, आणि ती बोलणाऱ्या बाईला द्यायची असते, हे त्या पोराला कुणी शिकवलं? त्याची जात विचारत बसू नका. हा धडा या देशात मोबाईलच्या आधीपासून चालू आहे. भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातली चार माणसं मारली, ती कशावरून? त्या घरातल्या बाईने मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली होती. बाई बोलली. बाईने खरं सांगितलं. म्हणून तिला धडा शिकवला. दौंडच्या शाळेतली पोर काय करत होती? तीही खरंच सांगत होती. गाव जे करतं ते पोर बघतं. पोर वहीत उतरवून घेत नाही, अंगात उतरवून घेतं.

तेव्हा शिकवायचं कुणाला, हा पहिला प्रश्न आहे. आजवर सगळी शिकवण पोरींना. नीट बस. ओढणी घे. दिवेलागणीच्या आत घरी ये. हसू नको. ही शिकवण सुरक्षिततेची नाही, तुरुंगाच्या नियमावलीची आहे. ती पाळूनही पोरींचा जीव वाचत नाही. ३० जून २०२५ च्या पहाटे दौंड तालुक्यात स्वामी चिंचोलीजवळ पंढरपूरला निघालेलं एक कुटुंब चहाच्या टपरीवर थांबलं होतं. कोयत्याचा धाक दाखवून दोघांनी दागिने लुटले आणि सतरा वर्षांच्या पोरीला टपरीमागे ओढून नेलं. पोरगी घरच्यांबरोबर होती. देवाला निघाली होती. अजून किती नीट वागायचं तिने?

आता शाळेच्या भिंतीवर तक्ता लागतो, ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’. संस्थेच्या ताई येतात, बाहुली दाखवतात, पोरं टाळ्या वाजवतात. आम्ही या तक्त्याला हसत नाही. पण त्या वर्गात मागच्या बाकावर आपल्या वस्तीतलं पोर बसलेलं असतं आणि ‘स्पर्श’ हा शब्द त्याच्या घरात नुसता शब्द नाही, हे त्या ताईंना कोण सांगणार? याच पुणे परगण्यात पेशवाईत आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला फांदी बांधलेली होती. कुणी कुणाला शिवायचं, हा या व्यवस्थेचा सगळ्यात जुना कायदा. आणि तो एकतर्फी. आपली सावली पडली तर विटाळ. पण मळ्यात, खळ्यावर, वाड्याच्या मागल्या दारी आपल्या आया-बहिणींच्या अंगाला हात घालताना कुणाची जात बाटली नाही. ज्याच्या हातात सत्ता त्याचा हात कुठंही जाऊ शकतो, आणि ज्याच्या अंगात सत्ता नाही त्याचं अंग त्याचं स्वतःचं नसतं. जातीचा स्पर्शाचा धडा हा एवढाच आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, लेकराला ‘तुझं अंग तुझं आहे’ असं शिकवणं ही कॉन्व्हेंटची फॅशन नाही. ती आपल्या लढ्याची बाराखडी आहे. १९०१ साली मसूर स्टेशनावर चांगले कपडे घालून उतरलेली पोरं बापाची वाट बघत बसली होती. त्यांतलं एक नऊ-दहा वर्षांचं पोर म्हणजे भीमराव. जात कळताच स्टेशनमास्तर पाच पावलं मागे सरला. दुप्पट भाडं घेऊनही गाडीवान त्यांच्याबरोबर गाडीत बसेना. पोरांनीच गाडी हाकायची, तो बाजूने चालणार. रात्रभर पाण्याचा घोट मिळाला नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. बाल-सुरक्षिततेवर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग पहिल्या पानावर घ्यायला पाहिजे. त्या पोरांना धोका अनोळखी माणसाचा नव्हता. धोका सगळ्या ओळखीच्या, सभ्य, पगारदार समाजाचा होता.

‘लेकराला एकटं सोडू नका.’ पोलिसांच्या पत्रकातलं हे पहिलं वाक्य. वाचून हसावं की रडावं? शिरूर-दौंडचा ऊसपट्टा बघा. हंगाम लागला की बीडकडून टोळ्या येतात. फडाच्या कडेला, कारखान्याच्या तळावर खोपटी पडतात. कोयता जोडीने चालतो, म्हणून नवरा-बायको दोघंही अंधारात फडात. खोपटात राहतं कोण? आठ-दहा वर्षांची थोरली पोर आणि तिच्या काखेत तान्हं. तिला कोण एकटं सोडू नका? खोपटाला दार नाही, कडी नाही, दिवा नाही. मुकादमाची उचल अंगावर. मुकादमाचा माणूस खोपटाकडे कधीही फिरकतो, त्याला कोण विचारणार? दौंडकडच्या गुऱ्हाळांवर तीच तऱ्हा. रात्रभर चुलवाण पेटलेलं, आई-बाप कढईजवळ, लेकरं चिपाडाच्या ढिगावर झोपलेली.

रांजणगावच्या एमआयडीसीत जा. दहा बाय दहाची खोली, बाप पहिल्या पाळीला, आई दुसऱ्या पाळीला, मधला तास-दीड तास लेकरू कुणाच्या तरी भरवशावर. बहुतेक वेळा ज्याला बोट लावता येत नाही अशा खोलीमालकाच्या भरवशावर, किंवा गावाकडून आलेल्या, बापाच्या ओळखीतल्या कुणा बाप्याच्या. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने पाळणाघर ठेवायचं, असं मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत लिहिलं होतं. कंत्राटदाराच्या मार्फत भरलेल्या बाया कुणाच्या वहीत धरायच्या, या खेळात ते पाळणाघर हरवतं. ऊसतोडणीवाली तर कारखान्याची कामगारच नाही म्हणतात. ती मुकादमाची. मुकादम कुणाचा? कुणाचाच नाही!

तेव्हा सुरक्षितता ही शब्दांनी शिकवायची गोष्ट आहेच, पण त्याआधी ती दार, कडी, दिवा, संडास आणि पाळणाघर यांची गोष्ट आहे. हे दौंड तालुक्याला नवं नाही. केडगावला जा. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या. दुष्काळाच्या अनाथालयांत पोरींचं काय होतंय, त्यांना कोण पळवतंय, रखवालदारच कसे हात टाकतात, हे डोळ्यांनी बघून त्यांनी लिहिलं. आणि पोरींना उचलून आणलं. पुण्यात प्लेगची बंधनं, म्हणून केडगावच्या माळावर. १८९८ ला मुक्ती सदन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या पोरी-बायांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. रमाबाईंच्या धर्मांतरावरून पुण्याच्या सनातन्यांनी आकाशपाताळ एक केलं. जोतीराव फुले मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये तिच्या बाजूने उभे राहिले. आज आपल्यातल्या काहींनाही ती ‘बामणाची बाई’ वाटते, वाटू दे. आमचं म्हणणं एवढंच, की त्या बाईने पोरींना ‘जपून राहा’ असं सांगितलं नाही. तिने विहिरी खणल्या, छप्पर घातलं, माग बसवले, छापखाना चालवायला शिकवलं. जी पोर खिळे जुळवून स्वतःचं नाव छापू शकते तिला सहजी कुणी उचलून नेत नाही.

आता घरात येऊ. इथं जरा जड जाईल. बसा.

सरकारी आकडे वर्षानुवर्षं एकच सांगतात. लेकरांवरच्या बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत शंभरातल्या नव्वदहून अधिक ठिकाणी आरोपी ओळखीचा. शेजारी, नातेवाईक, शिकवणीवाला, मित्र, बाप. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ लेकरांशी बोलून अहवाल काढला. ५३ टक्क्यांहून जास्त लेकरांनी कसला ना कसला लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. आणि त्यांतली निम्म्याहून थोडी जास्त मुलगे होती, पोरी नव्हेत. त्याच २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात शाळेतल्या लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि सरकारने ते बंद केलं. संस्कृती वाचली. लेकरांचं काय झालं, ते सभागृहात कुणी विचारलं नाही.

वस्तीत याला काय म्हणतात? ‘जाऊ दे, आपलंच माणूस आहे.’ ‘समाजाची बदनामी होईल.’ आणि आता नवीन निघालंय, ‘चळवळीची बदनामी होईल.’ हे वाक्य ज्याने काढलं त्याला आमचा सवाल आहे. १९७२ साली परभणीच्या ब्राह्मणगावात दोन दलित बायांची विटंबना झाली तेव्हा मुंबईच्या झोपडपट्टीतली पोरं पेटून उठली. त्या वर्षी ‘साधना’च्या स्वातंत्र्यदिन अंकात राजा ढाल्यांनी बाईच्या अब्रूची किंमत आणि राष्ट्रध्वजाची किंमत समोरासमोर ठेवली आणि महाराष्ट्र हादरला. बाईच्या अंगाला हात लावला म्हणून जी चळवळ जन्माला आली, तिची बदनामी हात लावणाऱ्याला उघडं पाडल्याने होते, की झाकल्याने? ज्याच्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे त्याच्या घरातही लेकरू घाबरून झोपत असेल, तर त्या फोटोने काय करायचं? भिंतीवरून खाली उतरायचं?

लेकरू गप्प का राहतं? आपण त्याला लहानपणापासून गप्प राहण्याचा सराव दिलेला असतो. ‘मामाला पापा दे.’ ते नको म्हणतं, तोंड फिरवतं. आपण हसतो, हात धरून मामाच्या मांडीवर बसवतो. ‘लाजतंय!’ ते लाजत नव्हतं, नाही म्हणत होतं. तीन वर्षांच्या लेकराला आपण तिथंच शिकवलं, की मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नाही आणि तुझ्या अंगावर तुझी मर्जी चालत नाही. मामा भला माणूस असेल. पण धडा दिला गेला. उद्या दुसरा कुणी मांडीवर बसवेल तेव्हा ते हाच धडा म्हणून दाखवेल.

दुसरं, शब्द नाहीत. हाताला हात म्हणतो, नाकाला नाक म्हणतो, कमरेखाली आलं की ‘शी-शी’, ‘घाण’. ज्या जागेला नावच नाही तिथं काय झालं ते लेकरू सांगणार कसं? गावरान भाषेत धडधडीत शब्द आहेत, पण ते आपण शिव्यांसाठी राखून ठेवलेत. आईबहिणीच्या अंगाची नावं पोराला पहिल्यांदा कानावर पडतात ती शिवीत. आणि मग त्याने आदराने वागावं, अशी अपेक्षा!

तिसरं, मार. सांगितलं तर आधी लेकरालाच ठोकतात. ‘तू गेलीसच कशाला?’ शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेत मारायला बंदी घातली, पण छडी हरवली कुठं? आपल्या घरात चामड्याचा पट्टा अजून खुंटीला आहे. मारून गप्प केलेलं पोर मारणाऱ्याला खरं सांगत नाही.

आणि एक गोष्ट नीट समजून घ्या. भीतीने लेकरू ओरडत नाही, दगड होतं. म्हणून त्याची संमती होती असं होत नाही. १९७२ सालीच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी पोरीवर पोलिसांनी बलात्कार केला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पोरीने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, ती ओरडली नाही, असं म्हणून १९७८ साली पोलीस सुटले. बायका रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलावा लागला. त्या न्यायमूर्तींची अक्कल अजून आपल्या पंचमंडळींत शिल्लक आहे. ‘ओरडली का नाही?’ ओरडायला कधी शिकवलं होतं?

आता पोरं. आमचा मुख्य मुद्दा हाच.

आपल्या पोराला बाईबद्दल पहिला धडा कोणता मिळतो? ‘वरच्या आळीतल्या पोरीकडे बघू नकोस, तंगडं तोडतील.’ आई जीव मुठीत धरून सांगते आणि ती खोटं सांगत नाही. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यात खर्ड्याला सतरा वर्षांच्या दलित पोराला शाळेतून ओढून नेऊन मारलं. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो, एवढा संशय. साक्षीदार फिरले, नोव्हेंबर २०१७ ला सगळे आरोपी निर्दोष सुटले. ज्या आईने हे बघितलं ती पोराला दुसरं काय शिकवणार? शिवाय पोरगा-पोरगी एकमेकांवर जीव लावून पळाली, तर पोरीचा बाप पोक्सोचं कलम हातात घेऊन ठाण्यात हजर. लेकरांना वाचवायचा कायदा तिथं जात वाचवायला वापरतात. हेही आपल्याला बघावं लागेल.

पण त्या धड्यातून पोराच्या मनात काय रुजतं? त्याने त्या पोरीचा मान ठेवला नाही. तिच्या बापाच्या कुऱ्हाडीचा मान ठेवला. पोरगी म्हणजे कुणाची तरी मालमत्ता, मालक तगडा असेल तर हात लावायचा नाही. मग आपल्याच वस्तीतली पोर, जिचा बाप दारू पिऊन पडलेला, जिची आई धुणीभांडी करायला गेलेली, जिच्या मागे कुऱ्हाड घेऊन उभं राहणारं कुणी नाही, तिच्याबाबतीत हा धडा काय सांगतो? काहीच सांगत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचताना कडेला उभ्या पोरींच्या अंगावर जाणारी पोरं वरच्या आळीतून आलेली नसतात. निळा फेटा बांधलेली, आपलीच असतात. चवदार तळ्याच्या लढ्यात डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी बायांना बोलावून सांगितलं, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला, पोराला घरात जेवायला घालू नका. पोराला! पोटच्या पोराला उपाशी ठेवायला सांगणारा बाप होता तो. आपण पोराची दारू, शिवी, छेड सगळी ‘तरुण रक्त’ म्हणून पोटात घालतो.

पोराला वेगळं शिकवावं लागेल. तिच्या अंगाला हात लावायचा नाही, कारण ते तिचं आहे. तिच्या बापाचं, भावाचं, जातीचं नाही, तिचं. तिने नाही म्हटलं की तिथं गोष्ट संपली. त्यात तुझी इज्जत जात नाही, तुझी इज्जत तिच्या पदरात बांधलेली नाही. आणि तुझं अंगही तुझं आहे. कुणी मोठा पोरगा, कुणी मास्तर, कुणी पैलवान तुला अंधारात ओढत असेल, तर तू बाप्या आहेस म्हणून सोसायचं नाही. पोरांना रडू द्या. रडणाऱ्या पोराला ‘बायल्या’ म्हणणारा त्याचं तोंड शिवतो आणि बाईचा अपमानही एकाच शब्दात उरकून घेतो.

बदलापूरची आठवण करून द्यायला नको. ऑगस्ट २०२४, बालवाडीतल्या दोन चिमुरड्या, फिर्याद घ्यायला आई-बापांना तासन्‌तास बसवलं. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि पेढे वाटले गेले. खटला उभा राहिला असता तर शाळेने, ठाण्याने काय काय दडवलं ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आलं असतं. गोळीने तेही झाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र स्वतःहून प्रकरण हातात घेतलं आणि पोरांना शिकवा, असं सरकारला सुनावलं. मग सरकारने परिपत्रक काढलं. प्रत्येक शाळेत कॅमेरे, तक्रारपेटी, ‘सखी सावित्री’ समिती. नाव सावित्रीचं! तुमच्या वस्तीच्या शाळेत ती समिती आहे का? तिच्यात कोण आहे? तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते? ज्याच्याविरुद्ध तक्रार टाकायची त्याच्याच खिशात तर नाही ना? हे विचारायला मोर्चा लागत नाही. दोन पोरी, दोन पोरं आणि एक कागद पुरतो.

कायदा पाठ करा, कारण ठाण्यात तो कुणी सांगत नाही. पोक्सो २०१२ चा. अठराच्या आतलं कुठलंही लेकरू, मुलगा असो की मुलगी. ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिने, संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद. जबाब लेकराच्या घरी किंवा ते म्हणेल तिथं, शक्यतो बाई फौजदाराने, अंगावर वर्दी नसताना. रात्री लेकराला ठाण्यात ठेवता येत नाही. पोरीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची. लेकरू अनुसूचित जातीचं आणि हात टाकणारा त्याबाहेरचा असेल, तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदाही त्याच फिर्यादीत लागला पाहिजे. ‘आधी पोक्सो घेऊ, ते नंतर बघू’ असं फौजदार म्हणाला तर उठायचं नाही. २०१५ च्या दुरुस्तीने साक्षीदाराला संरक्षण आणि प्रवासखर्चाचा हक्क दिलाय, तो मागायचा. फोन १०९८, लेकरांसाठी. फोन ११२, कशासाठीही. हे दोन आकडे बाराखडीच्या आधी पाठ झाले पाहिजेत. १ जानेवारीला भीमेकाठी, पेरण्याच्या स्तंभापाशी लाखोंच्या गर्दीत लेकरं खांद्यावर घेऊन येता ना? त्या दिवशी त्यांच्या खिशात आईचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या, आणि हरवलास तर कुठं उभं राहायचं ते आधी सांगून ठेवा.

आणि लेकराने सांगितलं, तर काय करायचं? खाली बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. ऐकायचं. मध्ये ओरडायचं नाही, छाती बडवायची नाही. दहा बायांपुढे पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही’ एवढं म्हणायचं. कपडे धुवायचे नाहीत. पंचांना बोलवायचं नाही. तडजोडीचे पैसे घेऊन दारात आलेल्याला ओट्यावर चढू द्यायचं नाही, मग तो पुढारी आपला का असेना.

शिरूर आणि दौंडच्या शाखांना आमचं सांगणं असं. हंगाम लागला की टोळ्या येतील, खोपटी पडतील. त्या आधी तळ कुठं पडतो ते बघून या. प्रत्येक तळाला दोन पोरी आणि दोन पोरं, संध्याकाळी पाच ते आठ, लेकरं एका जागी बसवायची. पाटी, पेन्सिल, एक चार्जिंगचा दिवा. अभ्यास घ्या, खेळ घ्या, आणि खेळता खेळता वर लिहिलंय ते सांगा, पोरांना आणि पोरींना एकत्र बसवून. मुकादम विचारायला आला तर नाव सांगा, गाव सांगा, घाबरू नका. रांजणगावच्या चाळीत पाळी बदलायच्या तासाला कुणाच्या खोलीत लेकरं ठेवता येतील, त्या खोल्यांची यादी तिथल्या बायांना विचारूनच करा, बाप्यांना विचारून नव्हे. दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या पोरांनी दिव्यांचे पैसे गोळा करायचं कबूल केलंय. जाणाऱ्यांची नावं अजून कमी आहेत, पोरींची तर फारच. ज्यांना जमेल त्यांनी तळाचं नाव, आपलं नाव आणि आठवड्यातले वार लिहून या महिनाअखेर शाखेकडे द्यावेत.